जागा संपत आली आहे

१२ जानेवारी

रोज चार ओळी लिहायची सवय मी फोनवरच लावून घेतली होती. आज लिहायला बसले तर फोनने पाटी लावली : ‘जागा संपत आली आहे.’ म्हणून ही वही काढली. वहीत किती जागा उरली ते पानं चिमटीत धरली की कळतं, कुणी सांगावं लागत नाही.

हा फोन मुलाने घेऊन दिला तेव्हा हे अंथरुणाला खिळले होते. मुलाला त्याच्या गावी कामावर परत जायचं होतं, त्यामुळे फोन सुरू करणं आमच्या दोघांवर आलं. मी पडद्यावर आलेलं मोठ्याने वाचत होते आणि हे ऐकत होते. मी काहीही वाचून दाखवताना दम घ्यायला थांबले की ह्यांचं ठरलेलं, “पुढे.” गंमत म्हणजे पडद्याच्या तळाला जे बटण होतं त्यावरही तेच लिहिलेलं, ‘पुढे’. मी वाचायची, हे म्हणायचे पुढे, मी बटण दाबायची. हसून हसून ह्यांना खोकला लागला. म्हणाले, “बघ, तुझा फोनसुद्धा माझं ऐकतो. तू कधी ऐकणार?”

फोन सुरू झाला तेव्हा आत आधीच बिऱ्हाडं होती. एक खरेदीचं दुकान, एक कर्ज घ्या म्हणणारं, एक बातम्यांचं, एक फळं कापायचा खेळ, आणि एक ‘सफाई’ नावाचं. म्हटलं असतील, फोनबरोबर येत असतील. नव्या बॅगेत रद्दी कोंबलेली असते तसं.

१३ जानेवारी

रद्दीवरून आठवलं म्हणून लिहून ठेवते. आमचं बॅगा दुरुस्तीचं दुकान. चेनचा तुटलेला रनर बदलणं, उसवलेली चेन, फाटलेलं अस्तर, निसटलेले बंद शिवणं. दुरुस्त झालेली बॅग आकार धरून राहावी म्हणून आत वर्तमानपत्रं कोंबायची. ते काम माझं. लग्नाआधी मला अक्षरओळख तेवढी होती, वाचता म्हणावं असं येत नव्हतं. कोंबता कोंबता वाचायला लागले. फाटका कागद असायचा, वरचं नसायचं, खालचं नसायचं, मधलंच वाचायचं. त्यामुळे मला खोड लागली, हाती आलेला कागद शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचायचा. कोण जाणे खालचा तुकडा पुन्हा मिळेल न मिळेल.

पुढे वाचनालयातून पुस्तकं आणायला लागले. हे मशिनीवर आणि मी शेजारी स्टुलावर वाचत, असं आमचं दुकान चालायचं.

१५ जानेवारी

आज फार वाईट झालं.

ते ‘सफाई’ आपणहून उघडलं. म्हणे, ‘या फाइली तुम्ही बऱ्याच दिवसांत उघडलेल्या नाहीत. जागा मोकळी करू या.’ खाली बटण, ‘पुढे’. मला वाटलं कुठल्या फाइली ते आता पुढच्या पडद्यावर वाचायला मिळेल. दाबलं. पुढच्या पडद्यावर एक झाडू हलला आणि ‘अभिनंदन’ आलं.

ह्यांचं एक रेकॉर्डिंग गेलं.

शेवटच्या महिन्यांत मी ह्यांना होडीवाल्याची एक जाडजूड कादंबरी वाचून दाखवत होते. ऐकता ऐकता ह्यांचा डोळा लागायचा आणि सकाळी चिडायचे, गोष्ट कुठे राहिली ते आठवत नाही म्हणून. मग म्हणाले, फोनवर भरून ठेव. रात्री मी वाचलेलं सकाळी हे ऐकायचे. ह्यांना झोप कुठे लागली ते शोधणं सोपं होतं. ‘पुढे’ म्हणायचं थांबलं की झोपले.

गेलेलं रेकॉर्डिंग कुठलं ते मला माहीत नाही. हे गेल्यापासून मी त्यातलं एकही ऐकलेलं नाही.

१६ जानेवारी

शेजारच्या मोबाईलवाल्याकडे गेले. म्हटलं, “ही सगळी बिऱ्हाडं बाहेर काढ.”

त्याने जरा दाबादाबी केली. “काकू, ही कंपनीने घातलेली आहेत. ही निघत नाहीत. फार तर अक्षम करता येतील.”

“कोण अक्षम? मी का ती?”

“ती हो! म्हणजे चालणार नाहीत. गप बसतील.”

“गप बसून जागा अडवतील?”

“जागा अडवणारच. आणि ही सफाई तर फोन पुन्हा सुरू केला की परत जागी होते.”

“अरे, मग ते अक्षम कसले? ते तर चांगले सक्षम आहेत.”

तो हसला, पण मला हसू येत नव्हतं. मग म्हणाला, “असं करा, तुमचं जे काही जपायचंय ते माझ्या कॉम्प्युटरवर घेतो आणि पेन ड्राइव्हमध्ये भरून देतो. नीट भरलं का ते जरा ऐकून तपासतो, झालं काम.”

मी फोन उचलला आणि घरी आले. चांगला माणूस आहे तो. पण दुकानात गिऱ्हाइकं उभी, आणि त्यात ह्यांचा खोकला लावून हा तपासणार. ते नाही जमायचं.

१९ जानेवारी

मुलाचा फोन. “आई, डोक्याला ताप कशाला करून घेतेस? नवा फोन पाठवतो. जुन्यातलं सगळं मला पाठव, मी जपून ठेवतो.”

म्हटलं, “हा फोन चांगला चाललाय.”

“आत्ताच तर म्हणालीस बिघडलाय.”

“फोन नाही बिघडला. फोन विकणारा बिघडलाय.”

त्याला ती रेकॉर्डिंगं पाठवणार नाही. त्याने बाबांना उभं, चालतं, बॅग खांद्याला अडकवून पाहिलंय. तेच त्याच्याजवळ राहू दे.

२४ जानेवारी

कंपनीच्या ग्राहक सेवेत बोलले. आधी वाजंत्री, मग एक मुलगी. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, ही अ‍ॅप्स तुमच्या सोयीसाठी आहेत.”

“माझी सोय मला विचारली होतीत का?”

“मॅडम, होल्ड करता का?”

पुन्हा वाजंत्री. ती संपेपर्यंत माझं एका सूटकेसला नवं चाक बसवून झालं.

वन्सं समोर शेंगा सोलत बसली होती. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच असते. आयुष्यभर तिकीट खिडकीच्या काचेमागे बसून नोकरी केली, त्यामुळे तिचं साधं बोलणंही काचेपलीकडच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं असतं. ती म्हणाली, “वहिनी, ग्राहक मंचात जा.”

“वकील कुठून आणू?”

“वकील लागत नाही तिथे. तोंड लागतं. ते आहे तुला.”

“आणि हरले तर?”

“तर काय, फोन आत्ता आहे तसाच राहील. आणखी वाईट काय होणार?”

होणार की. रोज सकाळी तो झाडू उगवतो आणि विचारतो, जागा मोकळी करू का. नाही म्हणायला बटण नाही, म्हणून मी रोज तो पडदा तसाच बंद करते. एखाद्या दिवशी चष्मा नसेल, हाताला गोंद असेल. आणखी एक जाईल.

२ फेब्रुवारी

तक्रार दिली. मी सांगितलं, वन्संनी टाइप केलं. तिला त्यात शिव्या घालायच्या होत्या. मी काढायला लावल्या. मागणी एकच लिहिलीय : माझ्या फोनमधून हे सगळं मुळासकट काढा आणि माझ्या वस्तूंना हात लावू नका.

वन्संचा एक पेच आहे. फळं कापायचा खेळ ती माझ्या फोनवर खेळते. “तो पण जाईल का गं?” विचारत होती. म्हटलं, “मुळासकट म्हणजे मुळासकट.” मग म्हणाली, “जाऊ दे. तत्त्वाचा प्रश्न आहे.” असं म्हणाली आणि फोन घेऊन खेळत बसली.

२० मार्च

कंपनीचं उत्तर आलं, चकचकीत कागदावर. शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचलं. त्यात एक वाक्य आहे, ‘तक्रारदाराने प्रत्येक टप्प्यावर पुढे हा पर्याय निवडून संमती दिलेली आहे.’

दोनदा वाचलं. कागद घडी करून ठेवला. मशिनीवर बसले तर दोरा सुईत जाईना.

पुढे मी नव्हतं म्हटलं. ह्यांनी म्हटलं होतं. मी फक्त बोट लावलं.

८ एप्रिल

पहिली सुनावणी. मंच म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला उंच टेबल, त्यामागे अध्यक्षबाई. पंखा चालू की बंद ते वर बघितल्याशिवाय कळू नये इतका हळू. आमच्या आधी एका माणसाच्या गळक्या गिझरचा विषय चालला होता.

कंपनीचे वकील तरणेताठे, कपड्यांना सुरकुती म्हणून नाही. वन्संनी लगेच नाव ठेवलं, इस्त्री. पण माणूस बोलायला गोड. मला खुर्ची त्यांनीच ओढून दिली.

मी आठवडाभर पाठ केलेलं बोलले. म्हटलं, “बाई, मी बॅगा दुरुस्त करते. समजा मी एखादी बॅग विकली आणि आत माझ्याच विटा शिवून ठेवल्या. गिऱ्हाईक म्हणालं विटा काढा, तर मी म्हणते काढता येत नाहीत, फार तर त्यावर फडकं घाला. हे चालेल का?”

मला वाटलं, झालं, जिंकले. मागे वन्संनी तर माझ्याकडे बघून मान डोलावली.

इस्त्री उठले. “उदाहरण सुंदर आहे. काकू, बॅगेला आत अस्तर असतं ना?”

“असतं.”

“तेही जागा घेतं?”

“थोडी घेतं.”

“गिऱ्हाइकाने मागितलेलं असतं?”

अस्तर कुणी मागत नाही, आणि अस्तराशिवाय बॅग टिकत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक. आमच्याच धंद्याने मला तोंडघशी पाडलं. आता घरी बसून उत्तर सुचतंय, अस्तर बॅगेला धरून ठेवतं, आतल्या सामानावर झाडू नाही फिरवत. तिथे सुचलं असतं तर! तिथे मी आपली पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

मग त्यांनी ती ‘पुढे’ची गोष्ट काढली. “प्रत्येक पडद्यावर माहिती दिलेली होती. काकूंना वाचनाची आवड आहे, त्यांनी ती वाचली, आणि पुढे म्हटलं. आता मागे कसं येता येईल?”

अध्यक्षबाईंनी विचारलं, “तुम्ही पुढे दाबलंत हे खरं?”

“खरं.”

पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर वन्सं म्हणाली, “चहा घेऊ.” घेतला. कसा होता ते आठवत नाही.

९ एप्रिल

तक्रार मागे घ्यावी का?

मी हे जागेसाठी करतेय. फोनमध्ये जागा हवी म्हणून, दुसरं काही नाही. जागाच हवी असेल तर मुलगा नवा फोन देतोय. मग मी कशाला त्या खोलीत उभी राहून घाम पुसतेय?

१२ एप्रिल

वन्संशी भांडण झालं. मी म्हटलं, माझ्याने होत नाही, मागे घेते.

ती भांडी विसळत होती. नळ बंद केला. “वहिनी, त्या इस्त्रीचं म्हणणं काय? पुढे म्हटलं म्हणजे सगळं मान्य?”

“हो.”

“दादा तर दर दोन ओळींनी पुढे म्हणायचा. त्याला सगळं मान्य असायचं का गं?”

“ह्यांना? ह्यांना कधी काही मान्य असायचं?”

“तेच म्हणते मी. तुझ्या त्या फोनमध्ये भरून ठेवलंयस ना. त्यातच असेल कुठेतरी.” आणि नळ सोडून तिने परत भांडी आपटायला सुरुवात केली, जणू काही बोललीच नाही.

सगळं मला उगाच भरीला घालायला. तिला काय, ती खेळ खेळायला मोकळी.

१३ एप्रिल

नाही ऐकलं.

१४ एप्रिल

नाही.

१७ एप्रिल

दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि ऐकलं.

१८ एप्रिल

काल काही लिहिता आलं नाही. आज लिहिते.

आवाज तसाच आहे. मला उगीच वाटत होतं की खोकलाच ऐकू येईल. खोकला आहे, पण मधे मधे. जास्त करून मीच आहे, भराभर वाचणारी. मी इतकी भराभर वाचते हे मला माहीत नव्हतं. आणि मग ते “पुढे”. कधी जोरात, कधी तोंडात काहीतरी घोळवत, एकदा तर जांभई देत.

सगळी ऐकली. शेवटच्यात ‘पुढे’ लवकर थांबतं. तरी मी वाचत राहिलेय. मला तेव्हा कळलं नव्हतं का? कळलं असणार. मग वाचणं थांबतं आणि नुसता श्वास आहे, माझा नाही. मग मी फोन बंद केला असावा.

तिथपर्यंतच कादंबरी वाचून झाली. नंतर ते पुस्तक उघडलंच नाही. वाचनालयवाल्याने दोनदा आठवण केली होती, मग त्यानेही सोडून दिलं.

आणि वन्सं म्हणाली तेही सापडलं. होडीवाल्याच्या गोष्टीतच.

मुलाला फोन केला. म्हटलं, तुला काहीतरी पाठवायचंय, पण आत्ता नाही, काम झालं की. म्हणाला, “आई, रडतेयस का?” म्हटलं, छे, दुकानात गोंदाचा वास साठलाय.

६ मे

दुसरी सुनावणी. सगळं लिहिणार आहे, पानं गेली तरी चालतील.

खोली भरलेली होती. मोबाईलवाला दुकान बंद करून आला होता, आमच्या गल्लीतली आणखी चार-पाच माणसंही. प्रत्येकाच्या फोनमध्ये तीच बिऱ्हाडं. वन्सं सगळ्यात मागे.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “संमतीच्या मुद्द्यावर तुम्हाला काही सांगायचंय?”

म्हटलं, “बाई, मला बोलता येत नाही, ते मागच्या वेळी दिसलंच. मला एक ऐकवायचंय. ज्या फाइली त्या सफाईला कचरा वाटतात, त्यातलीच एक आहे.” आणि तो फोन कसा सुरू केला, कोण पुढे म्हणत होतं, कोण बोट लावत होतं, ते सगळं खरं खरं सांगून टाकलं. मग बोट ठेवलं.

आधी माझा आवाज आला. गोष्टीतला घाटाचा ठेकेदार होडीवाल्याला सांगतोय, म्हातारी माणसं पलीकडच्या काठावरच सोडून येत जा, त्यांना आणायचं म्हणजे फुकटची खेप. त्या लांबट खोलीत माझा आवाज भलताच मोठा वाटला. मग मी थांबले.

“पुढे,” हे म्हणाले.

माझ्या बाजूचा तो गळक्या गिझरवाला, तो आजही आला होता, त्याने इकडे तिकडे पाहिलं. कोण बोललं म्हणून.

फोनमधली मी म्हणाले, “अहो, पुढे काय पुढे? पटतंय का तुम्हाला हे?”

“पटतंय कुठे? वाट्टेल ते बरळतोय मेला.”

“मग पुढे कशाला म्हणता?”

खोकला. बराच. कुणी हललं नाही. मग ह्यांचा आवाज, दमलेला पण ठणठणीत : “अगं, पुढे म्हणजे ऐकतोय. त्याचं सगळं ऐकून तर घेऊ. हो म्हणायचं असलं तर मी हो म्हणेन की, मला काय तोंड नाही? वाच, पुढे.”

मी बंद केलं. म्हटलं, “माझं एवढंच.”

खाली बसले तेव्हा कळलं की मी इतका वेळ उभी होते. ज्याचा खोकला मोबाईलवाल्यालाही ऐकू द्यायचा नव्हता, तो सगळ्या खोलीने ऐकला. आणि मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण लाज नाही. हे त्या खोलीत बोलून गेले, आणि कुणाची हूं की चूं करायची छाती झाली नाही, असं काहीतरी.

इस्त्री उठले ते हळू बोलले. “काकू, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण अध्यक्ष महोदया, नवराबायकोचं घरातलं बोलणं वेगळं आणि करार वेगळा. करारात शब्दाला ठरावीक अर्थ असतो.”

“पुढे,” अध्यक्षबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, त्यांच्या दर वाक्याला म्हणायच्या तसं.

आणि मागून वन्संचा आवाज आला, तिकीट खिडकीचा : “म्हणजे त्यांचं म्हणणं तुम्हाला मान्य झालं का हो बाई?”

मग खोलीच हसली. गिझरवाला हसला, कोपऱ्यातली टाइप करणारी बाई हसली, इस्त्रींनी कागद तोंडापुढे धरला पण खांदे हलत होते. अध्यक्षबाईंनी टेबलावर पेन आपटलं. “मागे कोण आहे? शांत बसा, नाहीतर बाहेर काढीन.” पण त्यांनाही ओठ मिटून धरावे लागले. मग पेन खाली ठेवून त्या वकिलांना म्हणाल्या, “मी तुम्हाला मघापासून किती वेळा पुढे म्हटलंय? त्यातल्या कशाला माझी संमती आहे असं तुम्ही धरून चाललात का?”

“नाही, महोदया.”

“मग?”

इस्त्रींनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. पण अध्यक्षबाईंनी मधेच विचारलं, “आणि कुठल्याही पडद्यावर ‘नको’ असं बटण होतं का?” त्यांनी कागद चाळले. पुन्हा चाळले. नव्हतं.

बाहेर आल्यावर मी वन्संना म्हटलं, “तुला काही लाजलज्जा?”

“दादाने बोलून दिलं, मी फक्त आवाज वाढवला,” ती म्हणाली. आणि रडायलाच लागली, भर रस्त्यात. तिला इतकं रडताना मी ह्यांच्या वेळीही पाहिलं नव्हतं. तिचा भाऊ होता तो. मी आपली स्वतःच्याच धांदलीत. रुमाल काढून दिला. या वेळचा चहा चांगला होता.

११ जून

निकाल. जिंकलो.

कागद हातात घेऊन पायरीवर बसूनच वाचला, बारीक अक्षरासकट. एक वाक्य इथे उतरवून घेते : ‘पुढे हा शब्द ऐकण्याची तयारी दाखवतो, होकार दाखवत नाही. ज्याला नकार देण्याची सोयच ठेवलेली नाही त्याचा होकार गृहीत धरता येणार नाही.’

अक्षम करणं म्हणजे काढणं नव्हे, हेही लिहिलंय. कंपनीने आपला माणूस पाठवून, माझ्या कशालाही धक्का न लावता, सगळं मुळासकट काढून द्यायचं. आमच्या गल्लीतल्या ज्यांनी माझ्यामागून तक्रारी दिल्या त्यांचंही. भरपाईही लिहिलीय, ती येईल तेव्हा येईल.

आणि जे रेकॉर्डिंग गेलं ते परत मिळण्यासारखं नाही, ही हानी भरून येणारी नाही, असं एक वाक्य आहे. ते लिहिलं ते बरं केलं. कुणीतरी लिहायला हवंच होतं.

इस्त्री जिन्यात भेटले. हात जोडले आणि म्हणाले, “काकू, माझ्याही फोनमध्ये तो झाडू आहे.”

म्हटलं, “या दुकानात. ओळीत उभे राहा.”

५ जुलै

कंपनी अपिलात गेली नाही. आज त्यांची इंजिनिअर आली, पाठीला बॅग. बॅगेचा रनर अडकत होता. मी म्हटलं, तू तुझं कर, मी माझं करते. तिने वायर जोडली, मी पक्कड घेतली. शेजारचा मोबाईलवाला दारात उभा राहून बघत होता, जणू विमान उडवतायत.

खरेदी गेली. कर्ज गेलं. बातम्या गेल्या. ‘सफाई’ जाताना मी म्हटलं, “थांब, मला बघू दे.” तिने फोन माझ्यासमोर धरला. झाडू होता, आणि नाही.

मग तिने विचारलं, “हा खेळ?”

वन्सं दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसली होती. तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे वळून बघत नव्हती.

मी म्हटलं, “तो राहू दे.”

“निकालात सगळं काढायचं लिहिलंय, मावशी.”

“मला हवाय म्हणून ठेवतेय. हवा म्हणून ठेवणं वेगळं. उद्या नको झाला तर मी काढू शकेन ना?”

“हो, आता बटण आलंय.” दाखवलं तिने. ‘काढा’. मी बोट नुसतं जवळ नेऊन पाहिलं.

वन्सं पायरीवरूनच म्हणाली, “कुणाला पाहिजेय तो खेळ?” संध्याकाळी तिने सगळ्यात जास्त फळं कापली.

इंजिनिअर जाताना बॅगेची चेन पुढेमागे करून बघत होती. म्हणाली, “किती द्यायचे?” म्हटलं, “तू माझी साफसफाई केलीस, मी तुझी चेन. झाली फिटंफाट.”

६ जुलै

मुलाला सगळी रेकॉर्डिंगं पाठवली. रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, “आई, बाबा तुला किती छळायचे गं वाचताना.” आणि हसला. त्याच्या हसण्यात ह्यांच्यासारखा खोकला येतो हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

९ जुलै

फोन आता म्हणतो, जागा पुरेशी आहे.

संध्याकाळी ती कादंबरी काढली. ह्यांनी दिलेली खूण तशीच होती, चेनचा एक तुकडा. वाचनालयात आधी जाऊन आले. वाचनालयवाला म्हणाला, “राहू द्या, सावकाश वाचा, दुसरं कुणी मागत नाही.”

फोन स्टुलावर ठेवला आणि लाल बटण दाबलं. कशासाठी ते माहीत नाही. मुलगा ऐकेल. किंवा कुणी नाही ऐकणार. वाचायला लागले. इतक्या दिवसांनी मोठ्याने वाचताना आधी जीभ अडखळली, मग सुटली. होडीवाला म्हातारीला परत आणायला एकटाच निघाला होता, ठेकेदाराला न विचारता. नदीला चांगलंच पाणी होतं. पान संपलं आणि मी सवयीने थांबले.

थांबले तर थांबलेच. पुढचं पान उलटेना. घरात नळाचा आवाज तेवढा चालू होता.

नळ बंद झाला.

“पुढे!” स्वयंपाकघरातून वन्सं ओरडली, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशी.

पान उलटलं.